विहिरीच्या काठची परीक्षा

स्पर्धा म्हटली, की एकाची जीत व दुसऱ्याची हार डोळ्यांपुढे येते. परंतु 2016 साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनच्या ‘एटीएल मॅरेथॉन’ची रीत निराळी आहे. विद्यार्थ्यांच्या गटाने परिसरातील अडचण स्वतः हेरावी, तीवर उपाय घडवावा आणि तो इंटरनेटवरून परीक्षकांपुढे मांडावा.

जळगाव जामोदच्या मुलांना अशी अडचण शोधण्यास दूर जावे लागत नाही. उत्तरेस सातपुडा, तर दक्षिणेस पूर्णाकाठचा खारपाणपट्टा! तेथे विहिरीत पाणी असूनही तहान भागत नाही. खाऱ्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहते. या गुणावरून खारेपणा मोजता येतो. एकाने तारा जोडाव्या, दुसरीने आकडे टिपावे, तिसऱ्याने गावकऱ्यांस विचारावे.

बक्षीस कोणासही मिळो; कोणत्या विहिरीचे पाणी किती खारे, हे गावाला कळले, की सारा गटच जिंकला.