आईची दाढ

आईला अल्झायमर असल्याचं निदान झालं, तेव्हा आम्ही गोळ्यांचा डबा आणला, दाराला वरून कडी लावली, तिच्या गळ्यात नाव-पत्त्याचं कार्ड घातलं. दातांचा विषय कुणाच्याच बोलण्यात आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिनं भाकरी सोडली. माहेर निफाडचं, बाजरीची भाकरी आणि ठेचा म्हणजे तिचा जीव. आता ताट पुढे केलं की ती हात झटकायची, रात्रभर येरझाऱ्या घालायची, कपडे बदलताना बोचकारायची. भेटायला येणारे म्हणायचे, आजार वाढला. मला ते पटत नव्हतं. मऊ वरणभात ती निमूट खायची आणि घास नेमका उजवीकडेच ठेवायची.

पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात तिला नेलं. तिथल्या डॉक्टरताईंनी डावीकडची हिरडी जरा दाबली आणि पू आला. दाढ मुळापर्यंत किडलेली. "दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून त्या चिडतात," त्या म्हणाल्या. दाढ काढली, हिरड्या साफ झाल्या आणि आई रात्री झोपू लागली. विसरणं होतं तसंच आहे, मला ती अजून मावशीच्याच नावानं हाक मारते. पण ती पोटभर जेवते, आणि आमच्यासाठी ते फार मोठं आहे.

दातांमुळे स्मृती जाते का, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. २०१९ मध्ये हिरड्यांच्या आजारातला एक जिवाणू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचं संशोधन गाजलं. पण त्याच्या विषारी स्रावांना रोखणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये अपयशी ठरली. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ अभ्यासांतल्या ३४ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे दात जास्त पडले होते, त्यांच्यात बौद्धिक ऱ्हासाचा धोका १.४८ पट आढळला. कवळी वापरणाऱ्यांमध्ये हा फरक ठळक नव्हता. कारण आणि परिणाम मात्र अजून वेगळे करता आलेले नाहीत. चावता न आल्यानं पोषण घटतं, हिरड्यांची सूज अंगभर पसरू शकते, हे खरं. पण विसरणारा माणूस दातही घासत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय गरिबी आणि अपुरं शिक्षण दात आणि मेंदू दोघांनाही भोवतं. आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर मशेरी लावली, त्या हिरड्यांची गत वेगळी सांगायला नको.

आता सकाळ-संध्याकाळ मी आईच्या हातावर हात ठेवून मऊ ब्रश फिरवते. कधी ती तोंड घट्ट मिटते, तेव्हा जबरदस्ती न करता थोड्या वेळानं पुन्हा जाते.

तुमच्या घरी असं माणूस असेल, तर दंतवैद्याकडे नियमित न्या. ते जेवण नाकारू लागलं, एकाएकी चिडू लागलं, तर आजार वाढला म्हणण्याआधी तोंडात काही दुखतंय का, ते तपासून घ्या.