निदान अर्धी टाकी

'निदान' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. वैद्याच्या घरी त्याचा अर्थ रोगाचे कारण, आणि त्या कारणावरून रोगाची पटलेली ओळख. रोजच्या बोलण्यात मात्र तोच शब्द 'किमान' या अर्थाने येतो. 'निदान दोन घास तरी खाऊन जा' असे आई म्हणते, तेव्हा तिच्या मनात कुठलाही रोग नसतो. शब्दार्थ शिकवताना ही गंमत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण या दोन अर्थांची गाठ पडलेली आम्ही पाहिली ती २०२५च्या मार्चमध्ये, एका गॅरेजात, गाडीच्या मागच्या सीटखाली.

इथला 'आम्ही' संपादकीय नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही चाळिशी ओलांडलेले, आणि दोघेही तासिका तत्त्वावर. सकाळचे तास वाईत, दुपारचे पसरणीचा घाट चढून गेल्यावरच्या दुसऱ्या महाविद्यालयात. एस. टी.च्या वेळा दोन्ही वेळापत्रकांना जुळेनात, म्हणून सात वर्षांपूर्वी निम्मे निम्मे पैसे घालून एक जुनी, लहानशी पेट्रोल गाडी घेतली. सम तारखेला गाडी एकाच्या दारात असते, विषम तारखेला दुसऱ्याच्या. महिनाअखेरीस एकतीस आणि एक या लागोपाठ येणाऱ्या विषम तारखांवरून थोडा वाद होतो, एरवी हा संसार सुरळीत आहे.

त्या मार्चमध्ये गाडी घाटात बंद पडू लागली. धोम धरणाचे पाणी जिथून खाली दिसू लागते, त्या वळणांच्या आसपास तिला आधी दोनतीन आचके येत, मग जोर जाई आणि मग ती निमूटपणे थांबे. सेल्फ मारला की फिरे, पण इंजिन पकडत नसे. आम्ही कडेला, आंतरिक मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन, माकडांपासून त्यांचे रक्षण करीत बसत असू. अर्ध्या तासाने चावी फिरवावी तर गाडी असे काही सुरू होई, की जणू झालेच काही नाही.

मग सल्ले सुरू झाले. शिक्षककक्षात एकाने बॅटरी म्हटले, आम्ही बॅटरी बदलली. रस्त्यावरच्या एका कारागिराने प्लग म्हटले, प्लग बदलले. तिसऱ्याने इग्निशन कॉइल सांगितली, तीही बदलली. सर्वांत लोकप्रिय निदान इथेनॉलचे होते. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५मध्ये वीस टक्क्यांवर गेले, आणि तेव्हापासून गाडीचे कुठलेही दुखणे त्याच्या माथी मारण्याची सोय झाली. ते मिश्रण जुन्या गाड्यांच्या रबराला कितपत मानवते हा रास्त प्रश्न आहे. पण आमच्या गाडीला काय झाले आहे, हे कोणीच गाडीला विचारले नव्हते. ज्याला जो सुटा भाग ठाऊक, त्याने तो सांगितला. सुमारे सात हजार रुपये गेले, आणि गाडी त्याच वळणावर थांबत राहिली.

सात हजार ही आमच्यासाठी लहान रक्कम नव्हे. मानधन तासांवर मोजले जाते, ते हाती येण्याला काही ठरलेला दिवस नसतो, आणि सुट्टीत तास नसतात म्हणून मानधनही नसते. गाडी विकावी आणि घाटावरचे तास सोडून द्यावेत, अशी भाषा आम्ही बोलू लागलो होतो. तसे झाले असते तर दोघांचेही निम्मे उत्पन्न गेले असते.

इथे एक कबुली देणे भाग आहे. हेच सल्लागार आम्हांला हास्यास्पद वाटत होते, आणि आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात वेगळे काय करीत होतो? कविता समोर आली की आमच्या हाताशी असलेला एखादा वाद तिला लावायचा. स्त्रीवाद बसत नसेल तर देशीवाद, देशीवाद बसत नसेल तर संरचनावाद. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त या घाईबद्दल फार पूर्वी सावध करून ठेवले आहे. एकटादुकटा विभाव किंवा अनुभाव कशाचाच पुरावा होत नाही, असे त्याचे म्हणणे. वाघ भयानकाचा विभाव होईल, तसाच वीराचा, अद्भुताचा, रौद्राचाही. अश्रू शृंगारात वाहतात, करुणात वाहतात, भयानकातही वाहतात. हे आम्ही दर वर्षी शिकवतो. घाटात थांबलेली गाडी हा तसाच एक अनुभाव होता, आणि आम्ही नुसत्या आसवांवरून रस ठरवायला निघालो होतो.

शेवटी एका विद्यार्थ्याने वाईतल्याच एका मिस्त्रींचे नाव सुचवले. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणे कमी. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी विचारू लागले.

"गार असताना बंद पडती का तापल्यावर?"

"तापल्यावर."

"सपाटीला का चढाला?"

"चढाला. दुपारच्या वेळी."

"एकदम मरती का आचके देऊन?"

"आचके देऊन."

"सकाळी सेल्फ किती मारावा लागतो?"

यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. गेले काही महिने सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागत होता. मागून डासासारखी बारीक गुणगुणही ऐकू येई. तिच्यावर उपाय म्हणून आम्ही रेडिओचा आवाज वाढवला होता.

आयुर्वेदात निदानपंचक म्हणून पाच गोष्टी सांगितल्या आहेत. निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे उघड लक्षण, उपशय म्हणजे कशाने बरे वाटते ते पाहणे, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कसा वाढत गेला त्याचा क्रम. मिस्त्रींनी हा शब्द कधी ऐकला असेल असे वाटत नाही, पण ते नेमके याच वाटेने चालले होते. गुणगुण हे पूर्वरूप होते, घाटातले थांबणे हे रूप होते, आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होणे हा उपशय होता. आम्ही फक्त रूपाशी झगडत बसलो होतो.

"आता दोघंबी गप ऱ्हावा," म्हणून त्यांनी मागच्या सीटवर कान टेकवला आणि आम्हांला नुसती चावी फिरवायला सांगितली, सेल्फ न मारता. चावी दिल्यावर टाकीतला पंप दोनएक सेकंद चालतो आणि नळीत दाब भरून थांबतो. तो आवाज आला, पण घोगरा, ओढल्यासारखा. आवाज आला म्हणजे फ्यूज शाबूत आहे. रिले तरीही त्यांनी शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून पाहिला, काही फरक पडला नाही. मग इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचे घड्याळ जोडले. गार इंजिनावर काटा तीन बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट. गाडी उन्हात चालू ठेवून आम्ही तिघे वाट पाहत उभे राहिलो. वीसेक मिनिटांनी काटा थरथरला आणि हळूहळू उतरू लागला. इंजिन अडखळले, तसे मिस्त्रींनी चपळाईने पंपाच्या जोडणीला मीटर लावला. बारा व्होल्टच्या वर वीज पोहोचत होती.

"करंट जातोय, पेट्रोल येत न्हाई. पंप दमलाय," ते म्हणाले.

सात हजारांत कोणी उच्चारला नव्हता असा हा निर्णय. एकेका शक्यतेला पुरावा मागत, ती नाकारत ते तिथवर आले होते. कॉइलचे नावही त्यांनी घेतले नाही, कारण दाब उतरताना डोळ्यांनी दिसला होता.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "टाकीत पेट्रोल किती ठेवता, सर?"

आम्ही दोनतीनशे रुपयांचे घालत होतो. पैसे येतील तसे, आणि ज्याची तारीख असेल त्याने. काटा सदैव रिझर्व्हच्या रेघेला टेकलेला असे. 'आपल्या पाळीत पुरले म्हणजे झाले' हे आमचे दोघांचेही धोरण.

पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनाच्या अंगावर असे, कॅमशाफ्टच्या ठोक्याने त्यातला पडदा हले, आणि तेवढ्या हलक्या दाबावर काम भागे. इंजेक्शनला जास्त दाब लागतो, म्हणून विजेवर चालणारा पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडवून ठेवलेला असतो. विजेची मोटर पेट्रोलात, हे ऐकून आम्ही दचकलो. पण आतून बाहेरून पेट्रोलच असलेल्या जागी जळायला पुरेशी हवाच नसते. उलट तेच पेट्रोल मोटरीतून वाहताना तिला गार ठेवते आणि तिच्या फिरत्या भागांना वंगणही देते. टाकी रिकामी ठेवली की पंप उघडा पडतो आणि तापतो. घाटात उरलेसुरले पेट्रोल एका कडेला जाते, पंप मध्येच हवा ओढतो, आणखी तापतो. हे वर्षानुवर्षे चालले म्हणजे एका मार्चमध्ये तो थकतो. ही झाली संप्राप्ती.

आपण काटकसर करीत होतो असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात गाडी आमच्या काटकसरीनेच आजारी पडली होती.

पंप बदलण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी, उघड्यावर झाले. मिस्त्रींनी आधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे नळीतला दाब उतरतो. बॅटरीची ऋण तार सोडवली. आम्हांला मोबाइल लांब ठेवायला सांगितले. मागची सीट उचलली तर खाली पेनांची टोपणे, शेंगदाण्याची टरफले आणि एका चाचणी परीक्षेची घडी घातलेली प्रश्नपत्रिका. झाकणाभोवतीची धूळ त्यांनी ब्रशने निगुतीने काढली. टाकीचे तोंड उघडल्यावर आत मातीचा कणही जाता कामा नये. गोल कडे सैल करायला लोखंडी छिन्नी घेतली नाही, पितळी घेतली, कारण पितळेची ठिणगी उडत नाही. पंप बाहेर आला तेव्हा त्याच्या तळाची जाळी काळ्या गाळाने माखलेली होती. पातळी दाखवणारा तरंगता गोळा जुनाच, पण जपून नव्या पंपावर बसवला. जाळी नवी, तोंडावरचे रबरी कडेही नवे. जोडणी झाल्यावर चारपाच वेळा नुसती चावी फिरवून दाब भरला, नळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवून वास घेतला, आणि मगच सेल्फ. पहिल्या फेऱ्यात इंजिन बोलले. मागून आता कुठलीच गुणगुण नव्हती.

त्या दुपारी घाट चढताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. एकमेकांच्या मनात काय चालले आहे हे मात्र कळत होते.

आमचे दुपारचे तास गेली काही वर्षे पडत होते. सकाळी बऱ्यापैकी रंगणारे विवेचन घाटावर पोचेपर्यंत कोरडे होई. याचे कारण आम्ही कधी मोबाइल सांगितले, कधी सत्रपद्धती, कधी 'हल्लीच्या मुलांना वाचन नको' हे सदाबहार वाक्य. एकदा आधुनिक कवितेच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, "या कवितेतली बाई नेमकी कोणाशी बोलते आहे?" प्रश्न चांगला होता. आमच्या टिपणवहीत त्याचे उत्तर नव्हते. 'परीक्षेच्या दृष्टीने ते महत्त्वाचे नाही' असे सांगून तास पुढे नेला गेला. हे आमच्यापैकी कोणी सांगितले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्यानेही तेच सांगितले असते. त्या मुलाने पुन्हा काही विचारले नाही, आणि त्या गप्पपणाचे निदानही आम्ही 'अनास्था' असे करून टाकले होते.

ती टिपणवही दहा वर्षांपूर्वीची होती. नवे वाचायला वेळ नाही, पुस्तके विकत घ्यायला पैसे नाहीत, आजच्या तासापुरते आहे ना, मग झाले. काटा इथेही रिझर्व्हलाच होता. ही सगळी आमचीच चूक, असे म्हणण्याचा साळसूदपणा आम्ही करणार नाही. तासांवर माणूस मोजणारी व्यवस्था माणसाची टाकी भरत नाही, आणि हे बोलले पाहिजे. पण व्यवस्थेकडे बोट दाखवून झाल्यावरही मागून येणारी गुणगुण थांबत नाही. तिच्यावर रेडिओ लावणे तेवढे आपल्या हाती असते, किंवा न लावणे.

पंपाचे पैसे मिस्त्रींनी दोन हप्त्यांत घेतले. आम्ही तारखांचा हिशेब मोडला आणि पेट्रोलसाठी एक सामाईक डबा ठेवला. काटा अर्ध्याखाली गेला की पेट्रोल भरायचे, मग गाडी कोणाच्याही दारात असो. आणि घाट चढताना आता एकजण गाडी चालवतो, दुसरा मोठ्याने वाचतो, टिपणवहीत नसलेले काहीतरी. सगळेच दिवस साधतात असे नाही.

त्या मुलाचा प्रश्न घेऊन आम्ही ती कविता पुन्हा वाचली, आठवडाभर वाचली. आता वाटते की ती बाई कोणाशीच बोलत नाही, समोर कोणी नाही हे कळूनही ती बोलते आहे. हे त्याला सांगायचे होते. पण तो तोवर पदवी घेऊन गेला होता. पुढच्या वर्षी ती कविता शिकवताना आम्ही त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मागच्या बाकांकडे पाहत थोडा वेळ गप्प राहिलो.