प्रिंटर शेवटी बांधा, आधी उघडा!

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं, अकरा महिन्यांचं असतं. अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की घरमालकाचा आवाज बदलतो आणि आपण खोकी गोळा करायला लागतो. सहा वर्षांत मी चार घरं बदलली. त्यामुळे शिफ्टिंग म्हटलं की आता टेन्शन येत नाही. फ्रिज आदल्या रात्री रिकामा करायचा, टीव्हीला गादीच्या मध्ये झोपवायचं, चार्जर स्वतःच्या सॅकमध्ये ठेवायचे. सगळं पाठ!

या सगळ्यात बिचाऱ्या प्रिंटरला मात्र कोणी विचारत नाही. रोज लागत नाही म्हणून तो सगळ्यात आधी खोक्यात जातो आणि रोज लागत नाही म्हणूनच सगळ्यात शेवटी बाहेर येतो. मध्ये महिना उलटतो. मग एखाद्या दिवशी ऑफिसचा फॉर्म प्रिंट करायला जावं, तर पानावर नुसत्या पांढऱ्या रेघा. आपण म्हणतो, टेम्पोवाल्याने आपटला असणार. टेम्पोवाल्यावर बिल फाडणं सोपं असतं. पण बहुतेक वेळा प्रिंटर आपटून बिघडत नाही, तो वाळून बिघडतो.

माझं या वेळचं शिफ्टिंग जरा वेगळं होतं. पुण्याहून थेट धाराशिव, आपल्या गावी. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उपचारांसाठी आई-बाबा आठ महिने माझ्याकडेच होते. उजवा हात बराच सुधारला, पण बोलणं अडलं. याला अ‍ॅफेझिया म्हणतात. बाबांना समजतं सगळं, फक्त शब्द ओठांपर्यंत येत नाही. स्पीच थेरपिस्टनी चित्रांची कार्डं करायला सांगितली आणि तीही घरातल्याच वस्तूंची. म्हणजे तक्त्यावरचा कप नको, बाबांचा स्वतःचा कान तुटलेला कप हवा. मग मोबाइलवर फोटो काढायचा, खाली मोठ्या अक्षरात शब्द लिहायचा आणि प्रिंट घ्यायची. पाणी, चष्मा, औषध, दुखतंय. दर रविवारी चार नवी कार्डं. ऑफिसने घरून काम करायला होकार दिला, डॉक्टरांनीही 'आता घरी न्या' म्हटलं आणि मे महिन्यात निघायचं ठरलं. थेरपी पुढे व्हिडिओ कॉलवर चालणार होती. म्हणजे कार्डं थांबून चालणार नव्हतं आणि प्रिंटरही.

इंकजेटची गंमत अशी, की त्याचा जन्मच उष्णतेतून झाला. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत एका तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला स्पर्श झाला आणि सुईतून शाई उडाली. त्यातून थर्मल इंकजेटची कल्पना पुढे आली. शाई क्षणभर तापवायची, बुडबुडा तयार करायचा आणि थेंब कागदावर फेकायचा. एप्सनने उष्णतेऐवजी वीज दिली की वाकणाऱ्या स्फटिकाचा मार्ग धरला. पद्धत कोणतीही असो, शेवटी शाई बाहेर येते ती केसाहून बारीक छिद्रांतून. घरगुती इंकजेटच्या शाईत बहुतांश पाणीच असतं. पाणी उडून गेलं की मागे राहतो तो रंगाचा चिकट थर. छिद्रं बंद, रंग बंद!

यावर उपाय कंपनीनेच आत बसवलेला असतो. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, की हेड खटखट करत एका कडेला जातं आणि रबरी टोपीवर बसतं. डबीला झाकण लावावं तसं. पण आपण काय करतो? भिंतीवरचं बटण फटकन बंद करतो. हेड कधी कधी मध्येच राहतं, उघडं. मग त्याला खोक्यात घाला नाहीतर कापसात गुंडाळा, ते वाळणारच.

म्हणून मी प्रिंटर बांधला निघायच्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री रंगीत टेस्ट पान काढून बघितलं, चारही रंग ठीक होते. सकाळी प्रिंटर बटणाने बंद केला, आवाज थांबेपर्यंत वाट बघितली, मग वायर काढली. कार्ट्रिजवाला प्रिंटर असेल तर कार्ट्रिज आतच राहू द्यावं. काढलं तर ना त्याला झाकण राहतं, ना हेडला. माझा टँकवाला. त्याच्या टाक्यांची झाकणं घट्ट बसवली. काही मॉडेलना शाईची वाट बंद करणारी छोटी कळ असते, तिला ट्रान्सपोर्ट लॉक म्हणतात. ती असेल तर फिरवायची आणि पोहोचल्यावर आठवणीने परत उघडायची. वर चिकटपट्टी लावून झाकण बंद केलं, प्रिंटर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी खोक्यात. आणि खोक्यावर बाण काढले: 'ही बाजू वर'. टँकवाला प्रिंटर आडवा किंवा उलटा झाला तर शाई सांडते आणि नळ्यांत हवा शिरते.

टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, द्या की मागं टाकून." मी नाही म्हटलं. मेमधला टेम्पो म्हणजे चालता ओव्हन. प्रिंटर गाडीत, मागच्या सीटवर, सपाट, बेल्ट लावून. शेजारी आई. टेंभुर्णीला जेवायला थांबलो तेव्हा मी खोकं काढून सावलीत ठेवलं, तर आई म्हणाली, "अरे, त्या डबड्याला पण जेवायला वाढायलास का काय?" बंद गाडी उन्हात किती तापते ते तिलाही ठाऊक होतं, तिने स्वतःच्या औषधांची पिशवी आधीच काढून घेतली होती! बार्शी मागे पडली, येडशीला रामलिंगचं जंगल दिसलं आणि बाबांनी बोट दाखवलं. शब्द आला नाही, पण चेहरा उजळला.

घरी पोहोचल्यावर पहिलं खोकं उघडलं ते प्रिंटरचं. गाद्या नंतर. पण लगेच प्रिंट काढायची घाई केली नाही; सपाट टेबलावर काही तास शांत बसू दिला. रात्री नोझल चेक काढला. काळा, निळा, पिवळा ठीक. गुलाबीच्या रेघा तुटलेल्या. 'दुखतंय'चं लाल कार्ड पिवळट आलं. हेड क्लीनिंग केलं, परत चेक, परत क्लीनिंग, असं तीनदा. थोडी सुधारणा. इथे हात आवरणं महत्त्वाचं. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते आणि ती आतल्या पॅडमध्ये साठत जाते. एप्सनचंच मॅन्युअल सांगतं, की तीनदा करून जमलं नाही तर किमान बारा तास प्रिंटरला विश्रांती द्या. दिली. सकाळी परत चेक काढला आणि गुलाबीच्या सगळ्या रेघा हजर! हेड बदलायची वेळ आली असती तर तेवढ्या पैशांत जवळजवळ नवा प्रिंटर आला असता आणि बाबांचे दोन-तीन रविवार गेले असते ते वेगळेच.

आता मराठवाड्यातला कोरडा उन्हाळा म्हणजे इंकजेटची परीक्षाच. आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान काढायचं, हा घरचा नियम झालाय. प्रिंट चालू असताना लाइट गेली, तर आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणानेच बंद करायचा, म्हणजे हेड टोपीखाली जातं. थेरपिस्टनी बाबांना सांगितलेला नियमही फार वेगळा नाही: एकदम दोन तास नको, पण रोज थोडं बोला.

गेल्या रविवारी एसटी स्टँडचं कार्ड काढलं, खाली लिहिलं 'धाराशिव'. बाबांनी बघितलं, ओठ हलले. "उस्मा..." थोडा वेळ गेला. "...नाबाद!"

"अहो, २०२३ लाच बदललं की नाव," आई म्हणाली.

बाबा मनापासून हसले. व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट म्हणाल्या, दोन्हीला पूर्ण मार्क. मग मी उस्मानाबादचंही एक कार्ड काढलं. तेवढीच शाई फिरली.