शिफारस आणि दलाली

दलाली हा शब्द मराठी कानाला फारसा गोड लागत नाही. वास्तविक धंदा जुना आहे आणि नीट केला तर सरळही आहे. माल असणारा एका बाजूस, गरजू दुसऱ्या बाजूस. त्या दोघांची गाठ घालून देणाऱ्याने आपल्या खटपटीचा मोबदला घ्यावा, यात वावगे ते काय? वावगे शिरते ते मोबदला कोणाच्या खिशातून निघाला हे झाकून ठेवले जाते तेव्हा. ज्या शेतकऱ्याने बाजार समितीत माल नेला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात फळे व भाजीपाला यांवरील अडत वर्षानुवर्षे त्याच्याच पट्टीतून कापली जात असे. २०१६ साली सरकारने ती खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. दलाली देतो कोण, हा प्रश्न किती नाजूक आहे ते एवढ्यावरून वाचकांच्या ध्यानी यावे.

हाच जुना धंदा आता संगणकाच्या पडद्यावर नव्या नावाने चालू आहे. त्याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव भारदस्त, पण अर्थ इतकाच की, आपण स्वतःची वेबसाइट काढावी, तिच्यावर एखाद्या वस्तूविषयी लिहावे, लेखात दुकानाचा दुवा द्यावा, आणि वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन खरेदी केली म्हणजे दुकानदाराने आपल्याला ठरावीक टक्के द्यावेत. दुवा म्हणजे आपली मुले जिला लिंक म्हणतात ती. (मराठीत 'दुवा देणे' याचा अर्थ आशीर्वाद देणे असाही होतो, या धंद्यातील किती दुवे त्या अर्थाचे असतात, ते पुढे पाहू.) पद्धतीचा उगम अमेरिकेतला. १९८९ मध्ये विल्यम टोबिन या फुलांच्या व्यापाऱ्याने 'प्रॉडिजी' नावाच्या संगणकसेवेवर दुकान थाटले व तेथील विक्रीमागे त्या सेवेला दलाली देऊ केली. १९९४ मध्ये संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या 'सीडीनाऊ'ने तोच मार्ग धरला. जुलै १९९६ मध्ये, त्या वेळी केवळ पुस्तके विकणाऱ्या ॲमेझॉनने ही वाट सामान्य माणसालाही खुली केली. त्या दुकानाची भारतातील शाखा जून २०१३ मध्ये उघडली.

हे सारे मला अभ्यासावे लागले ते आमच्या धर्मग्रामातील एका मुलीमुळे. बेळगावात ती शाळेचे गणवेश शिवते, पिको-फॉल करते, आणि संध्याकाळी बचत गटातील बायकांना शिवण शिकवते. मशीन कोणते घ्यावे, म्हणून बायका तिलाच विचारीत. एके दिवशी ती म्हणाली, "फादर, हेच सगळं मी मराठीत लिहून वेबसाइटवर टाकलं तर? लिंक दिली की कमिशन मिळतं म्हणे." आणि लगेच पुढचा प्रश्न : "सगळ्यांत जास्त कमिशन कशावर मिळतं?"

"अगं, हा प्रश्न शेवटचा," मी म्हटले. "आधी तुला काय ठाऊक आहे ते सांग."

तिला पुष्कळ ठाऊक होते. पातळ कापडाला ११ नंबरची सुई, साध्या सुतीला १४, जीन्सच्या जाड कापडाला १६. खालच्या बाजूस दोऱ्याचा गुंता झाला की नवशिक्या बायका बॉबिन काढून बसतात. दोष मात्र बहुधा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट न बसल्याचा असतो. पायाच्या जुन्या काळ्या मशीनला मोटर बसवता येते, आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारा गल्लीत मिळतो. नाजूक इलेक्ट्रॉनिक मशीन बिघडले तर ते शहरात पाठवावे लागते व तितके दिवस काम बंद. हे शेवटचे वाक्य ती सहज बोलून गेली; माझ्या मते तिच्या साऱ्या वेबसाइटचे भांडवल त्या एका वाक्यात होते. दुकानदार हे सांगणार नाही. जिने मशीन चालवले आहे, तीच सांगू शकते.

तेव्हा आरंभ येथून करावा. विषय एकच घ्यावा, आणि तोही आपल्या हाताखालून गेलेला. दुकानाने छापलेले वर्णन उतरवून त्याखाली दुवा लावणाऱ्या वेबसाइटी उदंड आहेत. त्या वाचकाला काही देत नाहीत, आणि गूगलसारख्या शोधयंत्रांनाही त्या नकोशा असतात. दहा-पंधरा लेख पदरचे, अनुभवाचे लिहून व्हावेत, मगच दुकानाकडे अर्ज करावा. ॲमेझॉनच्या योजनेत प्रवेश मिळाल्यापासून १८० दिवसांत निदान तीन विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. म्हणून रिकाम्या वेबसाइटवर अर्जाची घाई करण्यात अर्थ नाही.

वेबसाइट स्वतःचीच असावी, याविषयी मी जरा आग्रही आहे. फेसबुकवर किंवा चित्रफितींच्या मंचावर लिहिणे फुकट असते, हे खरे. पण ते दुसऱ्याच्या अंगणात दुकान मांडणे होय. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि ज्यांनी तेथे लाखोंचा वाचकवर्ग, म्हणावा तर प्रेक्षकवर्ग, जमवला होता, त्यांचा संसार एका रात्रीत उठला. स्वतःचे नाव नोंदवायला फार खर्च येत नाही. शेवटी '.इन' असलेले नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळते. २०१४ पासून देवनागरीतले '.भारत' हे नावही घेता येते. त्याशिवाय जागेचे भाडे, म्हणजे होस्टिंग. एकूण वर्षाला दोन-चार हजारांत भागते. मात्र नाव आपल्याच नावे नोंदवावे, वेबसाइट बांधून देणाऱ्या ओळखीच्या पोराच्या नावे नव्हे. पोरगा नोकरीसाठी पुण्याला निघून गेला म्हणजे चावीही त्याच्याबरोबर जाते.

आता हिशेब कसा चालतो ते पाहू. दुव्यात आपली एक खूण गुंफलेली असते. वाचकाने दुवा दाबला की दुकान त्याच्या यंत्रावर एक चिठ्ठी ठेवते. तिला कुकी म्हणतात. ॲमेझॉनची ही चिठ्ठी २४ तास चालते. तेवढ्या वेळात वाचकाने जे घेतले त्यावर आपली दलाली चढते. सुईचा दुवा दाबून त्याने कुकर घेतला, तरी त्यावरही काही मिळते. वस्तू परत आली तर दलाली परत जाते. पैसे महिना संपल्यानंतर सुमारे ६० दिवसांनी हाती येतात. समजा, ८,००० रुपयांच्या मशीनवर ५ टक्के दर धरला, तर ४०० रुपये झाले; आणि समजा, हजार वाचकांत तिसांनी दुवा दाबला व एकीने मशीन घेतले, तर हजार वाचकांची किंमत ४०० रुपये. हा हिशेब मी तिला कागदावर मांडून दाखवला. तिचा चेहरा पडला, पण बेत मोडला नाही.

दुकानाचे काही नियम मजेदार आहेत. आपल्या दुव्यावरून आपण स्वतः खरेदी करायची नाही, मावशी-आत्यांना करायला लावायची नाही. छापील पत्रकात, टपालात वा तोंडी प्रचारात तो दुवा वापरायचा नाही. मिस्सानंतरच्या घोषणांत मी तिच्या वेबसाइटच्या दुव्यांचा दोन शब्दांत उल्लेख करावा, अशी तिच्या आईची फार इच्छा होती. ॲमेझॉनच्या करारानेच मला त्या संकटातून सोडवले! वस्तूची किंमतही लेखात हाताने लिहून ठेवू नये, कारण ती दुकानात तासागणिक बदलते आणि आपले लिखाण खोटे पडते.

परंतु खरा पेच वेगळा आहे. काही दिवसांनी ती पुन्हा आली. एका कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर दलाली काळ्या मशीनच्या दुप्पट होती. "दोन्ही चांगलीच आहेत ना, फादर," ती म्हणाली, आणि खाली पाहू लागली. बचत गटातील बाई कर्ज काढून मशीन घेते. हप्ता दर महिन्याला भरायचा असतो. मशीन महिनाभर बंद पडले, तरी हप्ता थांबत नाही. तिच्या शब्दावर विसंबून कोणी चुकीचे मशीन घेतले, तर तिला चारशेच्या ठिकाणी आठशे मिळतील, आणि दुसऱ्या घरात वर्षाची मिळकत बुडेल. कायद्याने यात अपराध नाही. तरीही मी याला अप्रामाणिकपणाच म्हणेन.

यावर एका इंग्रज पत्रकाराची युक्ती मी तिला सांगितली, कारण ती उपदेशापेक्षा उपयोगी आहे. मार्टिन लुईस याने फेब्रुवारी २००३ मध्ये उझबेकिस्तानातील एका कारागिराला शंभर पौंड देऊन 'मनीसेव्हिंगएक्स्पर्ट' नावाची वेबसाइट बांधून घेतली. लोकांचा पैसा कसा वाचेल, हा तिचा विषय. उत्पन्न या दुव्यांच्या दलालीचे. तेथे शिस्त अशी की, कोणती वस्तू वा कोणते खाते चांगले, हे लिहिणाऱ्यांनी आधी ठरवायचे; तिचा दलालीचा दुवा मिळतो का, हे मागाहून पाहायचे. मिळाला तर त्यावर तारकेची खूण करायची, आणि त्याच वस्तूचा बिनदलालीचा दुवाही खाली द्यायचा. न मिळाला तरी शिफारस बदलायची नाही. २०१२ साली ती वेबसाइट कमाल ८ कोटी ७० लाख पौंडांना विकली गेली. या आकड्याने तिचे डोळे विस्फारले, हे मला थोडे खटकले. पण मी सांगू पाहत होतो तो क्रम तिच्या ध्यानात आला. काळ्या मशीनचा लेख तिने वर ठेवला. इलेक्ट्रॉनिक मशीनचा लेखही आहे, आणि दुरुस्तीला ते शहरात पाठवावे लागते, हे त्याच्या दुसऱ्याच ओळीत आहे.

दलाली मिळते ही गोष्ट वाचकाला सांगणे आता केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिराती व शिफारशी यांविषयी नियम केले. शिफारस करणाराचा विकणाराशी आर्थिक संबंध असेल, तर तो उघड केला पाहिजे. जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शिकेनुसार हा खुलासा सोप्या शब्दांत आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हवा. म्हणजे मराठी लेखाखाली बारीक इंग्रजी ओळ घालून सुटका नाही. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तिने प्रत्येक लेखाच्या आरंभी लिहिले आहे : 'या लेखातील दुव्यावरून तुम्ही खरेदी केलीत, तर मला दुकानाकडून थोडे कमिशन मिळते. तुम्हाला किंमत तेवढीच पडते.' ॲमेझॉनला हवे असलेले त्यांचे ठरावीक वाक्य त्याखाली आहे. अशा दुव्यांना 'स्पॉन्सर्ड' ही आतली खूण लावण्याची सोय गूगलने २०१९ मध्ये केली; ती वाचकाला दिसत नाही, पण लावावी.

लबाडीची वाट अर्थात येथेही आहे. ईबे या दुकानाच्या अमेरिकेतील दोन बड्या दलालांनी लोकांच्या यंत्रांवर, त्यांनी दुवा दाबलेला नसताही, आपल्या चिठ्ठ्या गुपचूप टाकल्या व न केलेल्या कामाची दलाली घेतली. २०१४ मध्ये दोघांनाही तुरुंगवास झाला. उलट, दुकानाचा हातही दलालाच्या मानेवर असतोच. एप्रिल २०२० मध्ये, अर्धे जग घरात कोंडलेले असता, ॲमेझॉनने अमेरिकेतील आपले दर एकाएकी उतरवले. फर्निचरचा दर ८ टक्क्यांवरून ३ वर आला, किराण्याचा ५ वरून १ वर. या उत्पन्नावर घर चालवण्याचा विचार करणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. शिलाईचे काम तिने सोडू नये, हे मी निक्षून सांगितले, आणि तिने सोडलेलेही नाही.

कराचे थोडक्यात. मिळालेली दलाली हे उत्पन्न आहे व ते विवरणपत्रात दाखवावे लागते. दलालीवरील टीडीएसचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांऐवजी २ टक्के झाला. पॅन दिला नाही तर २० टक्के कापले जातात. म्हणून पॅन आधी द्यावा, आणि कोणत्या महिन्याची किती दलाली, किती कापली, किती हाती आली, हे साध्या वहीत लिहीत जावे.

तिच्या वहीत पहिली नोंद १६ नंबरच्या सुयांच्या पाकिटाची आहे. त्याच दिवशी दुसरी : एक प्रेशर कुकर. दोन्ही मिळून दोन चहांचेही पैसे झाले नाहीत. कुकर कोणी घेतला असेल, याचा तिच्या घरी दोन दिवस खल चालला होता. आईचा संशय इंदूरच्या नणंदेवर. दुकान घेणाऱ्याचे नाव कळवीत नाही. त्या आठवड्यात बॉबिनच्या गुंत्यावरचा लेख तिने लिहून काढला. त्यात विकण्यासारखे काहीच नसल्याने एकही दुवा नाही, आणि तूर्त सर्वांत अधिक वाचला जातो तो तोच.