पाणी न मागणारी कण्हेर



सोलापूरच्या उन्हात अंगणात काय टिकतं, असं तुमच्यातल्या कितीतरी जणी विचारतात. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. त्यातलं पिण्याचं गाळून भरायचं, मग धुणंभांडी. झाडांच्या वाट्याला उरणार ते किती? माझं उत्तर एकच, कण्हेर. वैशाखात जास्वंदी मान टाकते तेव्हा ही गुलाबी फुलांनी भरलेली असते. हायवेच्या दुभाजकावर हीच लावतात ते उगाच नाही.

तिचं पान उलटून बघा. जाड, चिवट, आणि खालच्या बाजूला बारीक खळगे. पानाची श्वास घेण्याची छिद्रं या लवदार खळग्यांत दडलेली असतात, त्यामुळे गरम वारा पाणी ओढून नेत नाही. जमिनीतल्या रोपाला मी पहिलं वर्षभर आठवड्याला एक बादली देते. मूळ खोल गेलं की भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव मानणाऱ्या आपल्यासारख्यांना असं झाड बरं.

पावसाळ्याच्या तोंडाला वीतभर फांदी खोचली की लागते. ऊन मात्र दिवसभर हवं. सावलीत नुसती पानंच वाढतात. बहर ओसरला की छाटावी, कारण फूल नव्या फुटव्यावर येतं. पावसाळ्यात कधी बोटाएवढी हिरवी अळी पानं फस्त करते. शेजारच्या काकू म्हणतात, फवारणी कर. मी करत नाही. पुढे तिचा सुंदर हिरवट पतंग होतो, आणि पानं काय, पुन्हा येतात. आमच्या घरी पूजेत पुष्प म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात, त्यामुळे फुलंही झाडावरच राहतात.

आता महत्त्वाचं. कण्हेर विषारी आहे. पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळंच. विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. हिरवं पान कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही, पण वाळलं की कडूपणा कमी होतो आणि विष तसंच राहतं. छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकल्या आणि गाईनं खाल्ल्या, तर? म्हणून मागे एक खड्डा आहे, वर फरशी. सगळी छाटणी त्यात. जाळायचीही नाही, धूरसुद्धा वाईट. छाटताना हातमोजे, नंतर साबणानं हात.

गेल्या वर्षी नातू रांगायला लागला. दिसेल ते तोंडात. सूनबाई म्हणाली, "आई, पायरीजवळचं झाड काढू या ना." नऊ वर्षांचं झाड, फुलांनी लगडलेलं. मी दोन दिवस काही बोललेच नाही. झाडही एकेंद्रिय जीवच. पण गृहस्थाचं अणुव्रत त्रस जीवांची हिंसा आधी टाळायला सांगतं आणि स्थावरांची शक्य तेवढी कमी करायला. इथे तर पोटचा नातू. "लक्ष ठेवू" म्हणणं सोपं असतं. दुपारी पोळ्या लाटताना कोण लक्ष ठेवतं? झाड काढलं. मुळं खोल गेलेली, माळ्याला अख्खी सकाळ लागली. मी घरात जाप करत बसले.

मागच्या भिंतीलगतच्या तीन कण्हेरी ठेवल्यात, कमरेएवढ्या जाळीआड. गळलेली पानं रोज मीच झाडते. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, चुकून पोरानं काही चघळलंच तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, फांदीचा तुकडा सोबत घेऊन सरळ दवाखाना.

फांदी मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, घरी रांगतं पोर आहे का, गाय-शेळी आहे का? असेल तर जास्वंदीची फांदी देते. पाणी जास्त मागते बिचारी, पण धुण्याचं शेवटचं पाणी तिला चालतं.