इतिहासाचे विषय निवडताना

॥ श्री ॥

वाई,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. ऋचा हीस आत्याचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र आणि सोबतची विषयपत्रिका, दोन्ही पावली. एम.ए.च्या पहिल्या वर्षास अनिवार्य विषयांखेरीज चार ऐच्छिक विषय घ्यावयाचे आहेत, नावे नोंदविण्याची मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे, आणि त्या चार जागांवर तू शिवकाल, पेशवाईचा उत्कर्ष, मराठ्यांची युद्धनीती व पानिपतोत्तर मराठेशाही या विषयांवर पेन्सिलीने खुणा करून ठेविल्या आहेस. लहानपणापासून दादाबरोबर गडकोट हिंडलेल्या मुलीने याच खुणा कराव्यात हे स्वाभाविक आहे, आणि त्या ओढीबद्दल मला आनंदच आहे. परंतु तू माझे मत मागितले आहेस, आणि या विषयाच्या अध्यापनात माझा जन्म गेला असल्यामुळे ते भीड न धरता सांगणे हे माझे कर्तव्य ठरते.

माझे मत थोडक्यात असे, की जो काळ आपल्याला प्रिय आहे त्याच्या नावावरून विषय निवडू नये. जो विषय पुरावा वाचण्याचे आणि पारखण्याचे एखादे सामर्थ्य आपल्या अंगी बाणवील, तो निवडावा. प्रिय काळाची पुस्तके तू परीक्षा नसतानाही वाचशील, सुटीतही वाचशील, उद्या संसारात पडल्यावरही वाचशील. परंतु एखादी अपरिचित लिपी, एखादी कालगणना, एखाद्या परक्या समाजाची घडण या गोष्टी गुरूच्या देखरेखीखाली, नेमाने आणि तरुण वयातच शिकून होतात, पुढे त्यांना सवड मिळत नाही. तेव्हा तुझ्या चार खुणांपैकी शिवकाल तेवढा कायम ठेव, आणि उरलेल्या तीन जागांवर मोडी व पुराभिलेख, महाराष्ट्राचा सामाजिक व आर्थिक इतिहास आणि आधुनिक जपानचा इतिहास हे तीन विषय घे, असे माझे सांगणे आहे.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर नीळकंठ जनार्दन कीर्तने आहेत. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट होता. त्याला छत्रपतींच्या दप्तरातील कागद पाहावयास मिळाले आणि १८२६ साली त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. पुढे सुमारे चाळीस वर्षे तो ग्रंथ आपल्याकडे प्रमाण मानला गेला. त्याच्यावर टीका करावयास उठले ते डेक्कन कॉलेजात शिकणारे हे कीर्तने. १८६८ च्या सुमारास त्यांची टीका ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आली. एका विद्यार्थ्याने राज्यकर्त्यांच्या ग्रंथावर बोट ठेवावे हे धैर्य खरेच, परंतु नुसत्या धैर्याने ते काम झाले नसते. हे विधान कोणत्या आधारावर केले, तो आधार कोठे आहे, आपल्याकडच्या बखरी व कागद काय म्हणतात, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि मराठी इतिहाससंशोधनाची परंपरा त्या प्रश्नापासून सुरू झाली. मी ज्या गावातून हे पत्र लिहीत आहे त्या वाईतच मिळालेल्या कागदांच्या आधारे राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, पुढे त्याचे बावीस खंड झाले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

आता मोडीविषयी. हा विषय यादीच्या तळाशी छापला आहे आणि तो रुक्ष आहे असे तुझ्या मैत्रिणींचे म्हणणे आहे. पहिले काही आठवडे तो रुक्ष वाटेल हे मी नाकारीत नाही. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई, मग त्या रेघांना अक्षरे टांगीत जाई. बोरू शक्य तो न उचलता लिहावयाचे म्हणून अक्षरांची वळणे एकमेकांत शिरत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळला जात नसे. त्यामुळे एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्याला अर्थावरून ठरवावे लागते, आणि तो अर्थ लागावयाचा तर जमाबंदी म्हणजे काय, सरंजाम कोणाला मिळे, मोकासा कशाला म्हणत, कमाविसदाराचे काम काय, हे ठाऊक असावे लागते. म्हणजे लिपी शिकता शिकता तू त्या राज्याचा सगळा कारभारच शिकतेस. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद रुमालांमागून रुमाल बांधून ठेविलेले आहेत. सरदेसायांनी १९३० पासून पुढच्या चार वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, तरी तो एकंदर संग्रहाचा केवळ अल्पांश आहे. उरलेले वाचावयास माणसे हवी आहेत.

त्या कागदांत तारीख कशी घालीत याचा एक मासला देते. मथळ्याशी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द असतील, तर ते अरबी अंक एकंपासून सुरू होतात असे समजावे: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१ हा सुहूर सन. हे वर्ष मृगाला, जूनच्या प्रारंभी, सुरू होते. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदास त्यात ५९९ मिळवावयाचे आणि जानेवारीपासून पुढच्या कागदास ६००. म्हणजे ते वर्ष १७६०-६१ चे झाले, आणि पौष शुद्ध अष्टमीस, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर जे घडले ते त्याच वर्षात घडले. हे गणित एकदा हाताखालून गेले, की त्या साली लिहिलेला एखादा साधा हिशेबाचा कागददेखील तू निराळ्या लक्षाने वाचशील.

कालगणनेचे महत्त्व तुझ्या आवडत्या शिवकालातच अधिक चांगले कळेल. महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाला असे कित्येक बखरींवरून फार वर्षे मानीत आले होते. १९१६ साली लोकमान्यांनी कारीच्या जेधे घराण्यातील शकावली प्रकाशात आणिली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. पुढे तंजावरात मिळालेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तीच तिथी दिली. दोन साधने, एक देशमुखाच्या घरची रोखठोक टिपणवही आणि दुसरे संस्कृत काव्य, परस्परांवर अवलंबून नसताना एकाच दिवसावर येतात, ही मोठी गोष्ट आहे. परंतु एवढ्यावर न थांबता तू स्वतः मेळ घालून पाहावास. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, म्हणून १५५१ मध्ये ७९ मिळवून सन १६३० येतो. दिवस येतो १९ फेब्रुवारी. आणि त्या दिवशी शुक्रवार होता की नाही हे पडताळता येते. तसा तो होताच, मात्र जुन्या, ज्यूलियन गणनेप्रमाणे; आज आपण जे कॅलेंडर वापरतो त्याने मागे मोजीत गेल्यास तोच शुक्रवार १ मार्चला पडतो. ज्या विद्यार्थ्याने हा हिशेब स्वतः करून पाहिला आहे त्याची महाराजांवरील भक्ती तिळभरही उणी होत नाही, उलट तिला ज्ञानाचे अधिष्ठान मिळते.

दुसरा विषय सामाजिक व आर्थिक इतिहासाचा. लढायांच्या इतिहासात ज्यांची नावे येत नाहीत त्यांची या इतिहासात गाठ पडते. वतनाच्या तंट्याचा एखादा महजर पाहा. गोतसभा बसली, दोन्ही पक्षांच्या तकरिरा झाल्या, साक्षी घेतल्या, निवाडा झाला, आणि कागदाच्या शेवटी हजिर असलेल्यांची नावे आली. त्यांत पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ म्हणून नांगर काढलेला असतो, आणि बलुतेदारांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या कसबाचे हत्यार. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी अशा रीतीने आपली हजिरी इतिहासात नोंदवून ठेविली आहे, आणि ती वाचणे हे आपले काम आहे. त्याच दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या स्त्रियांच्या, खरेदीविक्रीच्याही नोंदी आढळतात. त्या वाचताना मान खाली जाते. तरी त्या वाचल्याच पाहिजेत, कारण ज्या राज्याचा आपण अभिमान बाळगतो त्या राज्यात त्या स्त्रियाही राहत होत्या. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा रचिला, तो खेड्यापाड्यांतील कष्टकऱ्यांच्या बाजूने इतिहासाकडे पाहून. ती दृष्टी या विषयाच्या मुळाशी आहे. दामोदर कोसंबी मूळचे गणिती. जुनी नाणी वजन करून, झिजेचे मान काढून, त्यांनी प्राचीन काळाविषयी निष्कर्ष बांधिले, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना म्हणून जो ग्रंथ लिहिला त्यात राजांच्या वंशावळींऐवजी नांगर, धान्य व जमातींना अग्रस्थान दिले. त्यांचे प्रत्येक मत तुला पटेलच असे नाही; परंतु त्यांची शोधाची पद्धत तुला अवगत असली पाहिजे.

तिसरा विषय जपानचा, आणि येथे तू नक्कीच विचारशील, की आपला आणि जपानचा काय संबंध. संबंध नाही, म्हणूनच तो घ्यावा. आपल्या इतिहासात आपला अभिमान गुंतलेला असतो, आपले दुःख गुंतलेले असते, जातीचे आणि गावचे नाते गुंतलेले असते. त्यामुळे पुराव्याने एखादा अप्रिय निर्णय पुढे ठेवला, की मन आडवे येते. ज्या इतिहासात आपले काहीच गुंतलेले नाही तेथे निःपक्षपाताचा सराव होतो. शिवाय तोकुगावांची राजवट १६०३ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे मराठ्यांच्या उदयापासून अस्तापर्यंतचा सारा काळ व्यापून, चालली. तेथे जमिनीची आकारणी तांदळाच्या मापाने होई आणि सामुराईंना वेतन तांदळातच मिळे. ते वाचून झाल्यावर आपल्या सरंजामाकडे तू नव्या प्रश्नांनी पाहू लागशील. ज्या डच कंपनीला जपानने १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर बंदिस्त करून ठेविले, त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती, आणि तिच्या कागदपत्रांत शिवकालीन घडामोडींचे उल्लेख सापडतात. उलट दिशेनेही वाट चालू आहे: हिरोशी फुकाझावा या जपानी विद्वानाने मराठी साधनांवरून पेशवेकालीन खेड्यांची व बलुत्यांची घडण अभ्यासिली. परक्याने आपल्या गावगाड्याकडे इतक्या आस्थेने पाहावे, आणि आपण मात्र साताऱ्यापलीकडे नजर टाकू नये, हे शोभणारे नाही.

दादाच्या म्हणण्याचाही विचार केला पाहिजे. राज्यसेवेच्या परीक्षेस उपयोगी पडतील तेच विषय घे, असे तो म्हणतो, ते तुझ्या काळजीपोटीच. त्याला माझा निरोप सांग, की सामाजिक व आर्थिक इतिहास त्या परीक्षेस निश्चित उपयोगी पडेल. आणि मोडीविषयी म्हणावयाचे तर जमिनीच्या सनदा, इनामाचे कागद, जातीच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या जुन्या नोंदी अशा कित्येक बाबी मोडीत अडकून पडल्यामुळे सरकारी कचेऱ्यांना व वकिलांना जाणकार वाचकांची निकड आजही भासते. याउपर नोकरीच्या हिशेबाने एखादा विषय बदलावासा वाटला तर जपान बदल, परंतु मोडी बदलू नकोस.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. नाव नोंदविण्यापूर्वी प्रत्येक विषयाच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढून पाहा. ज्या विषयात केवळ कारणे आणि परिणाम पाठ म्हणून दाखवावयाचे असतात तो, आणि ज्यात मूळ उतारा पुढे ठेवून त्याचे परीक्षण करावयास सांगतात तो, यांतील दुसरा बिनदिक्कत घे, त्यात गुण थोडे कमी पडले तरी चालतील. दुसरे असे, की पुढच्या वर्षास असलेल्या विद्यार्थ्यांना भेटून कोणते प्राध्यापक विद्यार्थ्यांना दप्तरखान्यात नेऊन प्रत्यक्ष कागद हाताळू देतात याची चौकशी कर, आणि ते जो विषय शिकवीत असतील त्यास माझ्या या यादीहूनही अधिक मान दे.

आपल्या प्रांतात इतिहासावरून माणसे फार लौकर हातघाईवर येतात. नावावरून, पुतळ्यावरून, एखाद्या पुस्तकातील वाक्यावरून गावेच्या गावे पेटतात, आणि त्या गर्दीत ‘याला कागद कोणता?’ एवढे विचारणारे, व त्या कागदाने जे उत्तर दिले ते आपल्याविरुद्ध गेले तरी मानणारे, फार थोडे असतात. तू त्या थोड्यांपैकी व्हावीस, एवढीच तुझ्या विषयनिवडीकडून माझी अपेक्षा आहे. निर्णय झाला की कळवावे. आणि दसऱ्यापर्यंत मोडीचे एखादे पान स्वतः वाचून त्याचे बाळबोधात लिप्यंतर करून मला पाठवावे, मी ते तपासून परत पाठवीन.

दादावहिनींस नमस्कार. प्रकृतीस जपून अभ्यास करावा. कळावे,

तुझी,
आत्या