उतारा आणि रिजेक्शन

कोल्हापूर

चि. सुशांत,



शिरोलीच्या फौंड्रीसाठी केलेला तक्ता मिळाला. दोन पानं भरून आकडे आहेत. दर सोमवारी हे सगळं भरणार कोण आणि भरल्यावर वाचणार कोण, तेवढं मात्र त्यात नाही. चार-पाच आकडे ठेव, बाकीचे काढ. कुठले ठेवायचे, त्यासाठी थोडं साखरेचं ऐक. सगळी नोकरी कारखान्याच्या लॅबमध्ये गेली, मी दुसरं काय सांगणार!

आपल्या जिल्ह्यात उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला, केवढा मान आहे, तुला माहीतच आहे. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जादा. साहजिकच गावोगाव त्याचीच चर्चा. पण मिलवरच्या माणसाला "उतारा वाढव" म्हटलं तर तो काय करणार? तोडलेला ऊस फडात नाहीतर यार्डात वाळत पडला, तर साखर तिथंच घटते. म्हणून आम्ही आत वेगळं मोजायचो : बगॅसमध्ये साखर किती गेली, प्रेसमडमध्ये किती, मळीत किती. बगॅसची पोल, म्हणजे त्यात राहिलेली साखर, चढली की मिल फोरमनला पाळी संपायच्या आत कळायचं. रोलरचं सेटिंग बघायचं की पाणी वाढवायचं, ते तो ठरवायचा. उतारा चेअरमनसाठी, पोल फोरमनसाठी.

आता त्यातली गंमत बघ. नुसत्या पोलवर फोरमनला जोखलं, तर तो पाणी सोडतच सुटतो. बगॅस धुऊन निघतं, पोल खाली येते, शाबासकी मिळते. ते पाणी पुढं आटवायला वाफ लागते, वाफेसाठी जादा बगॅस जळतं, आणि बॉयलरवाला बोंब मारतो. त्यामुळे पोलच्या शेजारी वाफेचा खर्चही लिहायचा, एकाच कागदावर.

तुझ्या तक्त्यात पहिला मान टनेजला आहे. नुसतं टनेज बघशील, तर वजनदार, सोपी कास्टिंग आधी ओतली जातील आणि कोअरची किचकट, हलकी कामं महिनाअखेरपर्यंत रखडतील. त्याच्या शेजारी वेळेवर गेलेल्या ऑर्डरी लिही. विजेचे युनिट मोजतोस ते बरं; पण वितळवलेल्या टनामागे नको, गिऱ्हाइकाला गेलेल्या चांगल्या मालाच्या टनामागे मोज. नाहीतर रिजेक्ट झालेला माल पुन्हा भट्टीत टाकला, तरी तो उत्पादनातच धरला जातो.

सगळ्यात घोळ रिजेक्शनचा आहे. ज्या महिन्यात दोष सापडला, त्या महिन्यात तू तो मांडतोस. आतला ब्लोहोल मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो, तोही बऱ्याचदा गिऱ्हाइकाकडं. मार्चची चूक मेच्या खात्यावर येते आणि बिचारी मेची माणसं बोलणी खातात. रिजेक्शन हीट नंबरवर टाक, म्हणजे माल भट्टीच्या ज्या हीटमधून ओतला, तिच्या खात्यावर. मग त्या दिवशी वाळूत ओल किती होती, ओतताना तापमान किती होतं, हे जोडून बघता येईल. हे दोन आकडे मोल्डिंगवाल्याच्या आणि भट्टीवाल्याच्या हातातले आहेत. फळ्यावर खडूनं लिहिले तरी पुरे. गिऱ्हाइकाच्या समाधानाला दहापैकी गुण वगैरे मात्र काढूनच टाक. किती लॉट परत आले, तेवढं मोज.

आणि आकडा कायमचा धरून बसू नकोस. बी-हेवी मळी इथेनॉलकडं वळल्यापासून साखरेचा उतारा कमी दिसतो. ती साखर वाया जात नाही, इथेनॉलच्या टाकीत जाते. तो हिशेब मिळवल्याशिवाय जुन्या हंगामाशी तुलना करता येत नाही. उद्या तू मशीनिंग सुरू केलंस आणि नगावर दर घ्यायला लागलास, की तुझं टनेजही असंच कामातून जाईल.

पहिले काही महिने या आकड्यांना बोनस जोडू नकोस. माणसं खरं लिहितात का, ते आधी बघ. मग सुधारलेला तक्ता पाठव, पण एका पानात.

तुझी,
आत्या